दरवाज्याच्या पॅडमागे

जुन्या मारुती ८०० चं दार लावलं की बरेचदा दोन आवाज येतात. पहिला पत्र्याचा, ओळखीचा. दुसरा त्याच्या पाठोपाठ येणारा, सैल, खुळखुळता. हा दुसरा आवाज डोअर पॅडचा, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाचा. वाकून पाहिलं तर वरचं रेक्झिन अजून धड दिसतं, पण खालचा कोपरा पत्र्यापासून सुटलेला असतो. त्यामागच्या हार्डबोर्डला ओल लागून त्याचे पदर पापुद्र्यांसारखे उलगडलेले असतात, आणि क्लिपचं भोक इतकं मोठं झालेलं असतं की क्लिप त्यात ठरतच नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला या गाडीची किल्ली मिळाली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर २५ लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या, त्यामुळे इंजिनाचं सामान आजही मिळतं. पण आपल्या गाडीच्या रंगाचं, आपल्या सालचं पॅड? ते नशिबाचं काम. पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याची भंगार दुकानं पालथी घालून मिळालंच, तरी त्यानेही तितकेच पावसाळे सोसलेले असतात. त्यापेक्षा घरचंच पॅड दुरुस्त करणं शहाणपणाचं.

कुर्ल्यातच बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या अंगावर चकचकीत धातूच्या पट्ट्या असत. त्या वाकल्या तर ठोकून सरळ करता यायच्या. मारुतीबरोबर घरोघरी प्लास्टिक आणि हार्डबोर्डचा जमाना आला. हे सामान हलकं आणि स्वस्त, पण त्याला ठोकाठोक चालत नाही. त्याची दुरुस्ती सबुरीने करावी लागते.

पॅड काढताना खरी कसोटी काच वर-खाली करायच्या हँडलची. त्यावर कुठेच स्क्रू दिसत नाही. हँडलच्या बुडाशी, पॅडच्या बाजूला, घोड्याच्या नालेसारखी एक बारीक स्प्रिंग दडलेली असते. स्क्रूड्रायव्हर खुपसला की रेक्झिन फाटतं. त्याऐवजी जुन्या सुती कापडाची पट्टी हँडलमागच्या फटीत सरकवायची आणि दोन्ही टोकं धरून आलटून पालटून ओढायची. धागे स्प्रिंगच्या टोकात अडकतात, ती टुणकन उडते आणि हँडल अलगद हातात येतं. खाली आधीच चादर अंथरलेली बरी, कारण एवढीशी वस्तू सीटखाली गेली की अर्धी सकाळ तिच्यामागे जाते.

मग आर्मरेस्टचे स्क्रू काढायचे आणि पॅड कडेकडेने, प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ बोटं घालून सोडवायचं.

आता जे दिसतं ते अनेक मालकांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलेलंच नसतं. पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ कागद, बहुधा एका कडेने फाटलेला. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच. दाराची रचनाच तशी असते, आणि ते पाणी खालच्या कडेच्या बारीक भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. कागद फाटला किंवा भोकं चिखलाने बुजली, की तेच पाणी हार्डबोर्ड पितो. पॅड ‘जुनं झालं’ म्हणून सुटत नाही, भिजून सुटतं. नुसत्या नव्या क्लिपा ठोकून देणारी दुरुस्ती पुढच्या श्रावणापर्यंतही टिकत नाही, ती यामुळेच.

हार्डबोर्ड सावलीत खडखडीत वाळू द्यायचा. सुटलेल्या पदरांत फेविकॉल भरून दोन फळ्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवायचं. मोठं झालेलं भोक बुजवायला मागून पातळ हार्डबोर्डचा तुकडा चिकटवायचा आणि पत्र्यावरच्या भोकाशी माप जुळवून त्यात नवं भोक पाडायचं. मागच्या बाजूला, कडांसकट, वॉर्निशचे दोन हात द्यायचे. हे काम कुणाला दिसणार नाही, पण टिकाऊपणा सगळा त्यात आहे. नव्या नायलॉनच्या क्लिपा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवाव्यात. नायलॉन पाणी शोषून लवचिक होतं, दाबताना क्लिप तुटत नाही.

प्लास्टिकचा भाग तुटला असेल तर गोंद आणण्याआधी तो उलटून पाहावा. पाठीवर कंपनीने प्लास्टिकच्या प्रकाराचं नाव कोरलेलं असलं तर पुढचा रस्ता सोपा. ‘एबीएस’ असेल तर अ‍ॅसिटोनने त्याच्या कडा विरघळून एकजीव होतात. ‘पीपी’ असेल तर नेहमीचे गोंद त्यावर धरतच नाहीत. तिथे सोल्डरिंग गनने बारीक स्टीलची जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये बसवावी लागते. दोन्ही कामं खिडक्या उघड्या ठेवूनच करावीत, वाफा वाईट असतात.

पॅड परत बसवायची घाई मात्र करू नका. आधी दाराच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, नवा प्लास्टिक कागद चारही कडांनी नीट चिकटवा आणि काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता. ते सगळं खालच्या भोकांतून बाहेर पडलं आणि कागदाची आपल्याकडची बाजू कोरडी राहिली, तरच क्लिपा दाबा.