चौकटीतील पर्जन्यवृक्ष

पिक्सेल आर्ट ही मोजक्या चौरसांची चित्रकला. उभ्या-आडव्या ३२ चौकटी घेतल्या तर एकूण १०२४ होतात. तेवढ्यात झाड उभे करायचे. ठिपक्यांची रांगोळी येथे आठवते, धारवाडकडच्या कसुतीतला धागे मोजून घातलेला टाकाही आठवतो. परंतु हे साम्य फार ताणू नये. रांगोळीतल्या झाडाची सावली कोणी काढत नाही, आणि नवशिक्याची खरी परीक्षा सावलीतच असते.

बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेने ही परीक्षा आपणहून ओढवून घेतली. विषय होता बाह्य वर्तुळाकार रस्त्याकडेचा जुना पर्जन्यवृक्ष. जे. पी. नगरच्या चौथ्या फेजपासून केंपापुरापर्यंतच्या मेट्रोमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तेव्हापासून हे झाड राहील की नाही, ही शंका बाईंच्या मनात घर करून होती. छायाचित्रे पुष्कळ होती. पण छायाचित्रात झाड आपोआप येते. चौकटीत ते एकेका निर्णयाने आणावे लागते.

पहिल्या चित्रात त्यांनी पाने काढली. दुरून पाहता ती नुसती गिचमीड दिसली. कारण पान आपल्याला ठाऊक असते, दिसत नसते. दुसऱ्या चित्रात कडा गडद आणि मध्य उजळ ठेवला, तर पर्णसंभार उशीसारखा फुगला. प्रकाश कोठूनच आलेला नव्हता! मग क्रम उलटला. आधी एकाच रंगात आकृती भरायची आणि ती झाड वाटते का ते पाहायचे; नंतर तिचे तीन-चार झुबके पाडून प्रत्येकाला त्याचा उजेड आणि त्याचा अंधार द्यायचा. अंधारासाठी हिरव्यात काळा न मिसळता तो निळ्याकडे सरकवायचा, उजेडासाठी पिवळ्याकडे. चार छटा पुरतात.

प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून यावा, हा या कलेतला रूढ संकेत. त्यानुसार काढलेले झाड नीटनेटके झाले, पण ते कुठलेही होते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या खेळात झुडूप आणि ढग यांचा आकार एकच असून फक्त रंग बदलला आहे. तेथे ती काटकसर शोभते, कारण झुडूप ही तेथे केवळ खूण आहे. बाईंना खूण नको होती. मर्यादेतून सौंदर्य आपोआप निपजते, हा भाबडा समज समीक्षेतही अधूनमधून भेटतो. वस्तुतः मर्यादेतून बहुधा ठोकळेच निपजतात.

बंगळूर १३ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यास तेथे दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर येतो. पर्जन्यवृक्षाचा विस्तार छत्रीसारखा आडवा. अशा वेळी उजेड त्याच्या माथ्यावर पातळ सायीसारखा पसरतो आणि खाली सगळा निळसर काळोख, त्यात फांद्यांची जाळी. बाईंनी प्रकाश कोपऱ्यातून उचलून माथ्यावर ठेवला. पिवळ्याची एकच ओळ उरली, आणि झाड ओळखू आले.

मात्र ते दुपारचे झाड होते. संध्याकाळी पर्जन्यवृक्षाच्या पर्णिका मिटतात आणि दिवसा न दिसणारे आभाळ मधून दिसू लागते. त्यासाठी बाईंनी नवे चित्र घेतले, आणि कष्टाने भरलेल्या अंधारातल्या चौकटी एकेक करून आभाळाच्या रंगाने पुसायला सुरुवात केली.