बंद पडते, पण कशी?

मंडळी, आज डिझेल गाडीवर लिहितोय. हसू नका. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराला इंजिनातलं काय कळणार, हे आमच्या घरात आधीच विचारून झालंय!

पुतण्याची जुनी पिकअप आहे. तीर्थपुरीहून जालन्याच्या मार्केटला मोसंबी नेतो. ऐन हंगामात गाडीला रोग जडला. अंबडच्या रस्त्याला पंधरा-वीस किलोमीटर नीट पळायची, मग आचके देत बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण सुरू होईना. अर्ध्या तासाने मात्र बाईसाहेब काही घडलंच नाही अशा थाटात सुरू! दोनदा लिलाव चुकला, हप्ते थकले. एका गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, मग बॅटरी बदलली, मग म्हणाला, "पंप खोलावा लागेल." पंचवीस हजारांचा अंदाज ऐकून पुतण्या खचला. "काका, गाडीच विकतो," म्हणाला.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पान्याला हातच लावला नाही. बाजेवर बसून प्रश्न विचारू लागला.

"बंद पडताना आचके देती, का दिवा मालवल्यासारखी एकदम?"

"आचके देती."

"मंग वायरिंगचं नसावं, डिझेलचं हाय. सेल्फ मारताना धूर येतो का?"

"नाही येत."

"म्हणजे डिझेल नोझलपर्यंत जातच नाही. बरं, टाकी भरलेली असली की लवकर बंद पडती का उशिरा?"

पुतण्या विचारात पडला. "भरलेली असली की लवकर!"

मिस्त्री हसला. गाडी पळवून मुद्दाम बंद पाडली आणि टाकीचं झाकण उघडलं. स्स्स... आवाज करत हवा आत शिरली. फिल्टरवरचा हँडपंप चार वेळा दाबला, सेल्फ मारला, गाडी सुरू.

टाकीत हवा जाण्याची बारीक नळी वावरातल्या चिखलाने बुजली होती. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, तेच शास्त्र. डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती न आल्याने टाकीतला दाब कमी होई आणि पंपाला डिझेल ओढवत नसे. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून हे लवकर होई. अर्ध्या तासात कुठून कुठून हवा झिरपली की गाडी पुन्हा खूश! तार घालून नळी साफ केली. खर्च शंभर रुपये आणि चहा.

नंतर मी थोडं वाचलं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वी झालं. त्यात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबली की ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून जुन्या गाडीत चौकशी सोपी असते: डिझेल पोचतं का, आणि हवा पुरेशी दाबली जाते का. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर आहेत. तिथे गरम झालेला एखादा सेन्सरही गाडी बंद पाडतो आणि थंड झाला की चालू देतो. लक्षण तेच, कारण वेगळं. स्कॅनर लावावा लागतो. पण गाडी केव्हा, कुठे, कशी बंद पडली हे चालवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मला त्या मिस्त्रीत एक जातिवंत शिक्षक दिसला. वाचताना पोरगं अडलं की "याला येत नाही" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ते कोणत्या अक्षराला अडतं, सकाळी अडतं का दुपारी, फळ्यावरचं वाचताना का पुस्तकातलं, हे विचारायला वेळ लागतो. फळ्यावरचं वाचताना अडणाऱ्या पोराला कधी कधी फक्त चष्मा हवा असतो. सुटे भाग बदलणारे पुष्कळ भेटतात, आधी प्रश्न विचारणारे थोडे. आणि त्या प्रश्नांची उत्तरं बहुधा आपल्याजवळच असतात. पुतण्याला टाकीची गोष्ट ठाऊक होती, कुणी विचारलीच नव्हती.

असो. तुमच्याकडे असा एखादा विचारणारा असेल तर त्याला जपा. आणि हो, टाकीची नळी एकदा बघून घ्या!