स्वस्तातली झोप

स्वस्त वस्तू पाहिली की आपल्या मनात आधी शंका येते. पण नखाएवढी ईएसपी-३२ ही चिप पाहा! शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने ती २०१६ साली आणली. पोटात वायफाय, ब्लूटूथ, सेकंदाला २४ कोटी ठोके; आणि बोर्डासकट किंमत ४००-५०० रुपये!

जामनेरला आमच्या केळीच्या मळ्यात पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते. सत्तरीतले दादा साप-विंचवांच्या वाटेने विहिरीवर जात. चिरंजीवांनी रिले लावून ही चिप स्टार्टरला जोडली. मळ्यातल्या घराचे वायफाय तिथवर पोचते. आता वीज आली की मोबाइल वाजतो, बटण दाबले की पंप चालतो.

“मग पाणी पडल्याचा आवाज कोण ऐकणार?” दादा कुरकुरले.

वहिनी काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षे दादा परतेपर्यंत दाराशी जागणाऱ्या वहिनी त्या रात्री गाढ झोपल्या.