कोसबाडचं आभाळ

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर आलं आणि टेकडीचं नाव महाराष्ट्रभर झालं. आम्हा आसपासच्या पोरांना मात्र टेकडीचं खरं वैभव रात्री कळायचं. भात झोडून झालं की अंगणात गोधड्या पडायच्या. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला वारल्यांचे पाडे, दोन्हीकडे काळोख. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर, हे आधी आजीकडून कळलं. पुस्तकातली नावं नंतर आली. 1997 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला शेपटीसकट दिसायचा. त्यासाठी दुर्बीण लागली नाही.

दुर्बिणी त्याआधीही होत्याच, पण दूर. पुण्यात कावसजी नायगमवालांनी 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली 20 इंची दुर्बीण देशात सर्वांत मोठी होती आणि चक्क शहरात, कॉलेजच्या आवारात चालायची. शहराच्या उजेडात आज तसं जमणार नाही. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने 2006 मध्ये आपली दोन मीटर आरशाची दुर्बीण बसवली ती पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरमाथ्यावर. आरसा जुन्या दुर्बिणीच्या जवळपास चौपट रुंद, म्हणून उजेड सुमारे पंधरा पट गोळा होतो. पावसाळ्यात तिला सुट्टी. एरवी तिची भूक एकच, काळोख.

कोसबाडला आता खांबाखांबावर दिवा आहे. झालं ते बरंच झालं. पायाखालचा साप दिसतो, पोरं उशिरापर्यंत अभ्यास करतात. पण उघड्या दिव्यांचा बराच उजेड वर जातो आणि आकाशगंगा पुसट होते. आमचा डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. झाडांची, हवेची काळजी त्यात आली. रात्रीची राहून गेली.

लडाखमध्ये हानलेला 2022 साली काळोखाचं राखीव क्षेत्र झालं. तिथली गावं दिव्यांवर झाकण आणि खिडक्यांना जाड पडदे लावून दुर्बिणींना आभाळ राखून देतात. आपल्याला इतकंही करायला नको. ग्रामपंचायतीने नवा दिवा घेताना खाली तोंड असलेला घ्यावा आणि आपण निजताना अंगणातला बल्ब मालवावा. गिरवलीसारखी दुर्बीण विकत आणता येते; काळोख मात्र ज्याचा त्यानेच राखायचा असतो.