नानांचं रिव्हॉल्व्हर आणि लेकीचा प्रश्न

आम्ही इंदूरचे, पाच पिढ्यांपासून. आज जे लिहितोय ते घरातही कधी धड सांगितलं नव्हतं.

आमची लेक ह्यूस्टनला असते. ग्रीन कार्ड, नोकरी, संसार, सगळं तिथेच. दोन वर्षांपासून दर रविवारी टार्गेट शूटिंगला जाते. आतापर्यंत क्लबचं रिव्हॉल्व्हर वापरायची, आता स्वतःचं घ्यायचं ठरलं. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, दोन पसंत केलीत. दोन्ही स्मिथ अँड वेसनची, पॉइंट बावीसची, सहा इंची नळीची. एक जुनं मॉडेल १७, ब्लू केलेलं. दुसरं ६१७, स्टेनलेस. जुनं इतकं देखणं आहे ना, अगदी आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसारखं काळंभोर! तेच घेऊ?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो." रात्रभर झोप नाही आली.

नानांचं रिव्हॉल्व्हर म्हणजे वेबली अँड स्कॉट, .३२ बोअरचं. नळी खाली वाकवली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. नाना रविवारी सकाळी रायफल क्लबला जायचे, येताना पोहे-जिलबी आणायचे. आल्यावर खाणं नंतर, आधी रिव्हॉल्व्हर. रिकामं आहे ना, हे दोनदा बघायचं, नळीतून सळई फिरवायची, मग फलालीनच्या फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन सगळीकडून पुसायचं. पुसून झाल्यावर उघड्या हाताने त्याला शिवायचं नाही. फडक्यात धरूनच कपाटात. पुढच्या माशीचा काळा रंग झिजून ती उन्हात चमकायची, म्हणून क्लबला निघताना आईच्या देवघरातला कापूर जाळून त्याची काजळी माशीवर धरायचे. आई ओरडायची, "देवाचा कापूर बंदुकीला!" नाना हसायचे.

नाना गेले १९९४ साली. रीतसर अर्ज करून लायसन्स माझ्या नावावर झालं. दोन वर्षांनी माझी बदली गोव्याला झाली आणि आम्ही पणजीत मिरामारजवळ राहायला गेलो. रिव्हॉल्व्हर बरोबर नेलं. तिथे नेमबाजी होईना. मेच्या शेवटी एकदा बाहेर काढलं, घामेजल्या हाताने जरा वेळ धरलं आणि "नंतर पुसू" म्हणून चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं.

इंदूरला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, पणजीत जवळजवळ तीन हजार. वर समुद्राची खारी हवा. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत होल्स्टर उघडलं, तर नळीवर तांबूस पुटकुळ्या आणि बाजूच्या पत्र्यावर अंगठ्याचा ठसा. गंजाचा. रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. माझाच अंगठा.

ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे, मंडळी. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवून त्याच्या पृष्ठभागाचा काळा ऑक्साइड करतात. म्हणजे तोही एक गंजच, पण माणसाळलेला. थर अगदी पातळ. तो तेल धरून ठेवतो, आणि खरं रक्षण तेलच करतं. तेल सुकलं की संपलं.

सुट्टीत इंदूरच्या जुन्या कारागिरांना दाखवलं. ते म्हणाले, "भिया, फिरसे ब्लू कर दूँगा, पर पहले घिसना पड़ेगा. नंबर-छापे हलके हो जाएँगे, और गड्ढे फिर भी रहेंगे." मी नको म्हटलं. घरी सांगितलं, "जुनं झालंय, आता वापरत नाही." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन केला. म्हटलं, "नेम कशानेच बदलत नाही. नळी, ट्रिगर आणि तुझा हात, गोळी एवढ्यांचंच ऐकते. ब्लू केलेलं उन्हात कमी चमकतं. पण टार्गेटच्या स्टेनलेस मॉडेलवरही साइट काळीच असते, त्यामुळे नेम धरताना फारसं अडत नाही. फरक नंतरच्या देखभालीत. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा न दिसणारा थर ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. सिलिंडरच्या तोंडावरची काजळी त्यावर जास्त दिसते, पण घासून काढता येते. ब्लूवर तसं घासलंस तर काळेपणाच निघून जाईल. मात्र स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, उशिरा गंजणारं. खारा घाम त्यालाही सोडत नाही."

"मग आजोबांचं इतकी वर्षं कसं टिकलं?"

इथे मी अडखळलो. मग सगळं सांगितलं. घामेजला हात, होल्स्टर, अंगठा. "त्यांचं टिकलं, कारण ते दर रविवारी पुसायचे. माझ्याकडे एका पावसाळ्यात गेलं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, ह्यूस्टनची हवाही तुमच्या पणजीसारखीच. आणि मी महिन्यातले दहा दिवस टूरवर असते. सुंदर आहे म्हणून घेतलं, तर मीपण तेच करीन. स्टेनलेस घेते." आणि फोन ठेवता ठेवता, "आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो पाठवा. डागासकट."

फोटो काढायला कपाट उघडलं. निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला परतलो, तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तेल लावून पुसतो. होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्व्हर फडक्यात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. ठसा तसाच आहे.

परवा लेकीचा फोटो आला. टेबलावर नवं कोरं ६१७, शेजारी तेलाची बाटली आणि फलालीनचं फडकं. स्टेनलेसला इतकं तेल लागत नाही, असं मी लिहिणार होतो. नाही लिहिलं.

आपल्यापैकी कोणाच्या घरी वाडवडिलांचं लायसन्सचं हत्यार चामड्यात बंद असेल, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. आजच बाहेर काढा, रिकामं आहे ना हे दोनदा बघा, आणि पुसा. तुमच्याकडे काय निघालं, खाली नक्की लिहा.