शेवटचा दात

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळ्यात तुम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यायला नक्कीच जात असाल. पुढच्या वेळी रस निघेपर्यंत चरकाच्या दातेरी चाकांकडे जरा पाहा. एका चाकाचा दात दुसऱ्या चाकाच्या खाचेत बरोबर बसतो. चाके फिरत राहतात आणि एकही दात अडत नाही. मला पूर्वी यात काही विशेष वाटत नसे. पण एकदा मी स्वतःच असे चाक करायला बसलो आणि माझी चांगलीच फजिती झाली.

तेव्हा मी अमरावतीला आठवीत शिकत होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला जाड पुठ्ठ्याची दोन चाके करायची होती. एक २४ दातांचे आणि दुसरे १२ दातांचे. मोठे चाक एकदा फिरले की लहान चाक दोनदा फिरणार होते. मी कंपास घेतला. तुम्ही उर्दूत त्याला परकार म्हणता. मोठ्या चाकासाठी १० सेंटिमीटर आणि लहान चाकासाठी ५ सेंटिमीटर त्रिज्या घेतली. मोठ्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२८ मिलिमीटर होता. त्याला २४ ने भागले, तेव्हा एक भाग सुमारे २६ मिलिमीटर आला. कर्कटकात तेवढे अंतर घेऊन मी एकापुढे एक २४ खुणा केल्या. पण शेवटची खूण आणि पहिली खूण यांच्यामध्ये जेमतेम साडेचौदा मिलिमीटर जागा उरली! मी तिथला दात बारीक कापला आणि चूक झाकली. चाके फिरवली, तर प्रत्येक फेरीत ती त्याच दाताशी अडू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला मामूंकडे गेलो. चाके पिशवीत होतीच. मामू एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांनी चाकाच्या दातांवरून हळूच अंगठा फिरवला.

"मामू, तो शेवटचा दात चुकला आहे," मी म्हणालो.

"नाही बेटा, चूक प्रत्येक दातात आहे. इथे ती फक्त दिसली."

मग त्यांनी मला हिशेब समजावला. माझे कर्कटक फक्त अर्धा मिलिमीटर जास्त उघडले होते. ते मी २३ वेळा पुढे ठेवले, म्हणून साडेअकरा मिलिमीटरची चूक झाली. प्रत्येक खुणेने मागच्या खुणेची चूक घेतली आणि स्वतःची चूक तिच्यात मिळवली.

"आधी मोठे भाग कर, मग त्यांचे लहान भाग कर," मामू म्हणाले. त्यांनी कंपासचे अंतर न बदलता, म्हणजे त्रिज्येएवढेच ठेवून, वर्तुळावर सहा खुणा केल्या. सहा पावले टाकून कंपासचे टोक बरोबर पहिल्या खुणेवर आले. "ते इथे आले नाही, तर चूक लगेच कळते. मग पुढे जायचेच नाही." नंतर त्यांनी प्रत्येक भागाचे दोन समान भाग केले. सहाचे १२ झाले, १२ चे २४ झाले. आणखी एकदा अर्धे केल्यावर ४८ झाले. एक भाग दातासाठी, एक भाग खाचेसाठी!

मी विचारले, "मामू, पुठ्ठ्याच्या चाकासाठी एवढे कशाला?"

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा ऐन हंगामात आमच्या एका यंत्राचे चाक तुटले. मी घाईघाईने नव्या चाकाचा लाकडी नमुना केला. त्यावरून बिडाचे चाक ओतून आणले. एक दात कमी पडत होता. मला ते दिसले होते, पण मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दात तुटले. यंत्र दोन दिवस बंद पडले. रोजंदारीवरच्या बाया दोन दिवस रिकाम्या हाताने घरी गेल्या. माझा पगार मात्र कापला गेला नाही."

मी मान खाली घातली. त्या रात्री मी दोन्ही चाके पुन्हा काढली. यावेळी ती न अडता फिरली.

पुढे मी कारखान्यात मिलिंग मशीन पाहिले. त्यावर चाकाचे भाग पाडण्याचे एक साधन असते. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला की चाक एकदा फिरते. २४ दात हवे असतील, तर प्रत्येक दातासाठी दांडा एक पूर्ण फेरी आणि दोन तृतीयांश फेरी फिरवायचा. त्यासाठी १५ भोकांचे वर्तुळ असते. एक फेरी झाल्यावर १० भोके पुढे जायचे. हाताने दांड्यावर थोडी चूक झाली, तरी चाकावर ती चाळिसाव्या भागाएवढीच उरते.

ही काळजी माणूस फार पूर्वीपासून घेत आला आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बूझजानी नावाचे मोठे गणिती होते. त्यांनी खास कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. वर्तुळात समान बाजूंच्या आकृती कशा काढाव्यात, हेही त्यात सांगितले आहे.

मित्रांनो, आज घरी कंपास घ्या आणि वर्तुळाचे २४ भाग करून पाहा. शेवटची जागा लहान उरली, तर तिथला दात कापून बारीक करू नका. पहिल्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करा.