घाई दुकानदाराची, घाई माझी

सेलमधून आणलेल्या वस्तूबद्दल मी पुष्कळ वर्षं घरात एकच आकडा सांगत आले: किती वाचले. किती दिले, ते कुणी विचारलं तरच. ही सवय चुकीची आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर तिची झळ माझ्यापेक्षा दुसऱ्याच एका घराला बसली होती.

पुण्यात वाढलेल्या बाईला सेल म्हटलं की पावसाळा आठवतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानांतली गर्दी ओसरते. गणपती-दसऱ्याचा नवा माल भरायचा तर रॅक मोकळे हवेत आणि जुन्या मालात अडकलेला पैसाही सुटायला हवा. म्हणून त्या दिवसांतली सूट पुष्कळदा खरी असते. तिथे गरज दुकानदाराची असते. मी मात्र देण्याघेण्यासाठी म्हणून साड्यांचे गठ्ठे उचलले आणि दुकानात एकही पूर्ण उलगडून पाहिली नाही. एकीचा रंग घडीवर विटलेला निघाला, काठाजवळ धागे तुटलेले होते. ‘सेलचा माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचलेली असल्यामुळे मी परत गेलेच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस मिळतात. दुकानातली पाटी कायद्याच्या वर नसते, हे तेव्हा मला ठाऊक असायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक एसीची. २०२२ च्या १५ ऑगस्टच्या सेलमध्ये फाइव्ह स्टार एसी चांगल्या सवलतीत मिळाला. सूट खोटी नव्हती. पण ती का दिली जातेय, एवढं मी विचारलं नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून एसीचे स्टार ठरवायचा तक्ता बदलला होता. स्प्लिट एसीला पूर्वी ४.५० च्या आयएसईईआरवर, म्हणजे हंगामी कार्यक्षमतेच्या आकड्यावर, पाच स्टार मिळत. नव्या तक्त्यात त्यासाठी ५.०० लागू लागले. माझ्या यंत्राचा आकडा या दोन्हींच्या मधला, म्हणजे नव्या हिशेबाने ते चार स्टारचं. स्टारच्या लेबलवर आकडाही होता आणि लेबलची मुदतही. मी फक्त तारे मोजले. यंत्र वाईट नाही, अजून नीट चालतं. पण मी तुलना फाइव्ह स्टारच्या भावाशी केली आणि स्वस्त पडला म्हणून खूश झाले; चार स्टारच्या भावाशी केली असती तर त्या सवलतीत फारसं काही उरलं नसतं. दुकानातल्या मुलाने काही लपवलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं.

दसरा-दिवाळीचा सेल वेगळा. तेव्हा लोक घेणारच असतात, बोनस हातात असतो. विकणाऱ्याला भाव पाडायची निकड कुठली? म्हणून तिथे सूट कशावरून मोजली आहे ते पाहावं लागतं. बहुतेक वेळा ती एमआरपीवरून मोजतात. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, हा कायदा. पण बहुतेक वस्तूंवर ती किती छापावी याला वरची मर्यादा नाही. ज्या भावाने वस्तू वर्षभर कुणीच घेतली नाही, तो भाव खोडून शेजारी नवा लिहिला की माझ्यासारखीचे डोळे खोडलेल्या आकड्यावर खिळतात.

बिनव्याजी हप्त्यांचंही तसंच. मोबाइल घेताना क्रेडिट कार्डावर १२ हप्ते केले. ४०,००० रुपयांवर वर्षाला १५ टक्के दर धरला तर व्याज सव्वातीन हजारांच्या पुढे जातं. तेवढी रक्कम दुकान किमतीतून वजा करतं, म्हणून ‘बिनव्याजी’. पण व्याज बँक लावतेच, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सहाशेच्या आसपास, आणि वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहिलं होतं की अशा शून्य टक्के योजनांत व्याज बहुधा दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं. माझ्याकडे रोख पैसे होते. तरी हप्ते केले, कारण ते फुकट आहेत असं मी धरून चालले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी भर मे महिन्यात फ्रिजसाठी पैसे साठवले होते. मला विचारलं, “ताई, आत्ता घेऊ का?” मी ठामपणे म्हणाले, “आत्ता भाव चढे असतात. दिवाळीपर्यंत थांबा, सेलमध्ये घेऊ.” त्या थांबल्या. माझ्या शब्दावर थांबल्या. त्यांच्या यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, हे मला माहीत होतं. ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतात हे माहीत नव्हतं. शेजारी गावाला गेले की बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची. सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासायचं. दिवाळीत फ्रिज आला तेव्हा मे महिन्याच्या भावापेक्षा अकराशे रुपये कमी लागले. त्या दिवशीही मी तेच म्हणाले, बघा, अकराशे वाचले. इन्सुलिनचं मला नंतर बोलता बोलता कळलं. नासलेल्या दुधाचा हिशेब तरी करता आला असता. इन्सुलिनच्या काळजीचा कसा करणार? मी त्यांची क्षमा मागितली. “तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. मला ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. ज्या वस्तूवाचून त्यांचं रोज अडत होतं, तिच्यासाठी मी त्यांना थांबवलं. एसीवाचून माझं काही अडत नव्हतं, तिथे मात्र मीच घाई केली होती.

हल्ली मोठी वस्तू घ्यायची असेल तर तिचा भाव काही आठवडे आधीपासून वहीत लिहून ठेवते. सेलच्या दिवशीचा भाव कधी नुकत्याच टिपलेल्या भावाइतकाच असल्याचं दिसतं, आणि कधी तो खरोखर उतरलेला दिसतो. मग मी घेते. पण हे काम प्रत्येक गिऱ्हाइकाने का करावं? युरोपियन युनियनमध्ये मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवावा लागतो. आपल्याकडे खोट्या घाईसारख्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, ते चांगलंच झालं. पण मागच्या महिन्याचा भाव पाटीवर लिहायला लावणारा तसा नियम इथेही यायला हवा. मावशींसारख्या गिऱ्हाइकाला मग माझ्यासारखीला विचारावं लागणार नाही.